जहाजांवर फुली

माझ्या बाप्तिस्म्याला घोटभर दारू मिळाली नाही, हे गाऱ्हाणं आजोबा हिलारिओ शेवटपर्यंत सांगत राहिले. दोष माझ्या बाबांचा. दुसऱ्या दिवशी देशाचं मतदान होतं, आणि आदल्या दिवसापासून दारूची दुकानं बंद. असा मुहूर्त शहाणा माणूस धरत नाही. पण बाबांच्या मतदार कार्डावर अजून गावाचाच पत्ता होता. मान्सानियो बंदरात कामाला लागून वर्षं झाली, लग्न तिथं झालं, मी तिथं जन्मले, तरी त्यांच्याच्यानं पत्ता बदलवेना. कचेरीच्या दारापर्यंत जाऊन माघारी आले, असं आई सांगते. पत्ता बदलला की आपण खरंच गेलो, असं त्यांना वाटायचं. तेव्हा मत द्यायचं तर सोकाबोनला यायलाच हवं, आणि आलोच आहोत तर पोरीच्या डोक्यावर पाणीही घालून घेऊ, असं त्यांनी ठरवलं.

"आणि माझं मत?" आईनं बसमध्येच विचारलं होतं. "माझं कार्ड बंदराचं. मी तुमच्या गावात बसून काय करू, टाळ्या वाजवू?"

"एका मतानं काय होतं, नेरेइदा."

"मग तुझ्या एका मतासाठी तान्ही पोर घेऊन एवढा घाट का चढतोय आपण?"

बाबांनी खिडकी लावून घेतली. माझ्या आईच्या प्रश्नांची आमच्या घराण्याला सवय नव्हती. ती किनाऱ्यावरची. मनात एक आणि ओठावर एक, हे तिला जमत नाही.

सोकाबोनला दुसरा धंदाच नाही. खाण बंद पडल्यावर गावानं नाताळच्या झाडाला टांगायचे काचेचे गोळे फुंकायला घेतले आणि दोन पिढ्या त्यावर जेवल्या. मग समुद्रापलीकडून प्लास्टिकचे गोळे येऊ लागले आणि एकेका घरातली ज्योत विझली. आजोबांच्या कारखान्यात पूर्वी दुपारी लांबलचक पंगत बसायची. त्या जुलैत तिथं ते, म्हणजे घरच्यांचे अपा, आणि आत्या आम्पारो, दोघंच उरले होते. आणि ते प्लास्टिकचे गोळे ज्या जहाजांतून येत, ती जहाजं क्रेननं रिकामी करणं हे माझ्या बाबांचं काम. घरात हे कुणी बोलत नसे. आजी रेफूहिओ शेजारणींना सांगायची, "आमचा एवारिस्तो समुद्राकडे असतो." जसा काही तो तिथं हवा खायला गेला होता.

शनिवारी सकाळी पहिली ठिणगी पडली ती पाहुण्यांना द्यायच्या भेटींवरून.

बाप्तिस्म्याला आलेल्याच्या हातात जाताना काहीतरी आठवणीचं द्यायचं असतं. आत्या आम्पारोनं त्यासाठी कित्येक दिवस मान मोडून काम केलं होतं. आजोबांनी लिंबाएवढे गोळे फुंकायचे, तिनं आतून चांदीचं पाणी फिरवायचं, वरून निळा रंग, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव, ओतिलिया. टोपल्या भरून व्हरांड्यात ठेवल्या होत्या. आणि आईनं त्यांच्या शेजारी आपलं खोकं उघडलं.

"हे काय, वहिनी?" आत्यानं विचारलं.

"पाहुण्यांना द्यायला. माझ्या रुतिलोमामांनी बंदराच्या गोदामातून स्वस्तात मिळवून दिले. म्हटलं, तुम्हाला आणि अपांना आणखी राबवायला नको."

आत्यानं आत हात घातला. लहान गोळे, गुलाबी, प्लास्टिकचे. माझी आत्या तशी शांत बाई. पण तिचे कान लाल झाले.

"वहिनी, तू कोळ्याच्या घरी डब्यातला मासा घेऊन आलीस."

"अहो, मला काय माहीत तुम्ही केलेत ते? कुणी सांगितलं का? इकडं फोनवर नुसतं, कशी आहे पोर, दात आले का. दात कुठून येणार इतक्यात."

"आमच्या घरात हे सांगावं लागतं?"

"आणि हे प्रवासात फुटत नाहीत," आई म्हणाली. त्या घरात म्हणू नये असं हे एकच वाक्य होतं, ते तिनं शोधून म्हटलं.

बाबा मध्ये पडायला आले आणि कुणाच्या बाजूनं पडायचं ते न कळून तसेच उभे राहिले. आजीनं चुलीवरून मान वर केली नाही. तेवढ्यात आजोबा बाहेर आले. त्यांनी एक गुलाबी गोळा उचलला, नखानं टिचकी मारली. आवाज आला नाही. मग तो फरशीवर टाकला. तो उडाला आणि कोंबड्यांच्या खुराड्याखाली जाऊन थांबला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्यांनी दुसरा उचलला. "यावर नाव कुणी लिहिलं?"

"मी," आई म्हणाली. "पोटुशी असताना. मुलगी झाली तर ओतिलिया, हे आमचं आधीच ठरलं होतं."

"सगळी?"

"सगळी."

"तुझा ओ गोल येत नाही," आजोबा म्हणाले. "आम्पारो, दोन्ही द्यायचे. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. मनगट कसं फिरवायचं ते वहिनीला दाखव."

आत्यानं दाखवलं. रागारागानं दाखवलं, पण दाखवलं. दुपारी चर्चमधून परत येईपर्यंत दोघी मिळून बाबांची टिंगल करत होत्या, म्हणजे समेट झाला असं समजायला हरकत नाही.

जेवणाला डुकराचं मटण, हिरव्या मक्याची उकड आणि लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत. रुतिलोमामा, म्हणजे आईचे मामा, माझे धर्मपिता झाले. चर्चच्या पायऱ्यांवरून त्यांनी रिवाजाप्रमाणे पोरांवर चिल्लर उधळली आणि त्या क्षणापासून आजोबा आणि ते एकमेकांचे कोंपाद्रे, म्हणजे धर्माचे सोयरे. हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा जड. भाऊ भावाशी खोटं बोलेल, कोंपाद्रे बोलत नाही. म्हणूनच मामांनी पुढचं बोलणं काढलं असावं.

मामा बंदरावर पाळीप्रमुख होते. धिप्पाड माणूस. जेवण झाल्यावर ते कारखाना बघायला आत शिरले. आजोबांनी ज्योत पेटवली, काचेची नळी धरली, फिरवत फिरवत तापवली आणि फुंकर घातली. मामांनीही करून बघितलं. त्यांचा गोळा नाकासमोर फुटला आणि ते खूप हसले. मग भिंतीलगतच्या रिकाम्या बाकांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"इथं कोण बसायचं?"

आजोबांनी एकेका बाकाचं नाव सांगितलं. हा अमुक, तो आता राजधानीत भाजी विकतो. हा तमुक, उत्तरेला गेला, सीमेपलीकडे. ही एवारिस्तोची जागा.

मामा त्या जागेवर बसले.

"कोंपाद्रे, एक सांगू? रागावू नका."

"रागावायला आज दारू तरी आहे का?"

"तुमच्या पोरानं आमचा अख्खा धक्का नासवलाय."

आजोबांनी ज्योत बारीक केली.

"क्रेनच्या काचेपाशी तुमचा एक लाल गोळा टांगलाय त्यानं," मामा म्हणाले. "जो येतो तो विचारतो, हे काय रे? की झाला हा सुरू. माझं गाव, माझे अपा, या घराची ज्योत विझली, त्या घरची पोरं गेली. माझ्या पाळीतल्या माणसांनी हा डोंगर कधी पाहिला नाही. ती आमची माणसं उद्या पिवळ्या पक्षाला मत देणार आहेत. का, तर एवारिस्तोच्या अपांसाठी. पिवळ्यांचा माणूस सांगत फिरतोय ना, बाहेरच्या मालावर जकात लावू म्हणून. निळे निदान बंदर खुलं ठेवू म्हणतात. अहो, माल आला नाही तर आम्ही उतरवायचं काय, वारा?"

आजोबांची छाती आधी फुगली. हे त्यांनीच पुढं मला सांगितलं. आपलं दुःख इतक्या लांब जाऊन पोचलं, अनोळखी माणसांच्या तोंडी बसलं, याचा त्यांना अभिमान वाटला. मग त्यांनी विचारलं, "मालक काही बोलले का त्याला?"

"मालकांना काय पडलंय? पण जहाजं कमी झाली की माणसं कमी होतात. आणि सगळ्यात शेवटी आलेला सगळ्यात आधी जातो. तुमच्या पोरानंतर भरतीच झालेली नाही, म्हणजे शेवटचा तोच. ज्या फांदीवर बसलाय तीच तोडतोय तो. आज त्या पोरीला हातांवर धरलं मी, म्हणून बोलतो."

"तुम्ही कुणाला देणार?"

मामांनी फुटलेल्या गोळ्याची काच बोटानं बाजूला सारली. "मी आता गाडी पकडणार आणि उद्या बंदरावर रांगेत उभा राहणार. सकाळी इथं आलो तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं कुणाला द्यायचं. आता बघतो वाटेत."

ते गेले. जाताना आत्यानं त्यांच्या मांडीवर गोळ्यांची एक टोपली ठेवली, आणि एवढा मोठा माणूस ती सांभाळत गाडीत अवघडून बसला.

संध्याकाळी आजी कारखान्यात कप गोळा करायला आली, तेव्हा आजोबा अजून तिथंच बसले होते.

"रेफूहिओ, मी उद्या निळ्यांना देणार."

आजीला वाटलं, यांना कुठून तरी बाटली मिळाली. "तुम्ही? निळ्यांना? गेला महिनाभर चौकात गळा फाडून पिवळे पिवळे करताय."

"ओरडणं वेगळं. ओरडणं आपल्यासाठी असतं." त्यांनी मामांचं बोलणं तिला सांगितलं. "माझ्या छातीत आता किती फुंकरी उरल्यात? आम्पारो कुठंही पोट भरेल, हात आहे तिच्याकडे. त्याचं तान्हं मूल आहे. येऊ देत ती जहाजं. येऊ देत बापडी."

"त्याला सांगा की मग."

"अजिबात नाही. त्याला वाटेल, बाप हरला. तूही सांगू नकोस."

आजी कप घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ एकच कप धूत राहिली. ती काय विचार करत होती, ते मला ठाऊक आहे. म्हातारपणी तिनं हे कुणापासून लपवलं नाही. तिला जहाजं नको होती. पण काचेसाठी नको होती असं नव्हे. काचेनं तिला काय दिलं होतं, भाजलेली बोटं आणि खोकणारा नवरा. तिला पोरगा हवा होता. तो गेल्यापासून ती जेवणाच्या टेबलावर त्याच्या खुर्चीकडे पाठ करून बसायची. त्याच्या आवडीची कोथिंबिरीची चटणी तिनं करायची सोडली होती. देवमातेपुढं मेणबत्ती लावून ती म्हणायची, बाई, तूही लेकाची आई, ते बंदर बंद पाड. लेकाच्या पोटावर पाय यावा म्हणून आई नवस बोलते का? माझी आजी बोलायची, आणि प्रार्थना झाली की मुकाट्यानं भाजी चिरायला बसायची.

रविवारी सकाळी बाबा चुलीपाशी येऊन बसले. लहानपणी बसायचे तसेच, लाकडाच्या ठोकळ्यावर. आजीनं गरम उकडीची वाटी त्यांच्या हातात ठेवली.

"अमा, मी अपांसाठी मत देतोय आज. पिवळ्यांना."

"आणि तुझं काम?"

"बघू पुढचं पुढं." त्यांनी घास घेतला नाही. "कंटेनरच्या कागदावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. चपला, पंखे, काही असलं की मी उचलतो. नाताळची सजावट असं लिहिलेलं आलं की माझा हात जड होतो. वर्षभर मी त्यांच्याविरुद्ध हात चालवतो, अमा. एक दिवस तरी त्यांच्या बाजूनं चालवू दे."

"सांग जा त्यांना. आतच आहेत."

"नको. म्हणतील, पोरगा दया दाखवतोय. तुम्हीही सांगू नका."

आजीपाशी आता दोघांची गुपितं होती. एक वाक्य बोलली असती तर बाप-लेक समोरासमोर बसून हसले असते, कदाचित रडलेही असते. ती बोलली नाही. बाप लेकाच्या जहाजांना देणार, लेक बापाच्या ज्योतीला, म्हणजे दोघांची मतं एकमेकांना खाऊन टाकणार. आत्या तर आदल्या दिवशीच म्हणाली होती, "मी सगळ्या चौकटींवर फुली मारून येणार, प्रत्येकाला देऊन बघितलंय." ज्याला मत द्यायचं त्याच्या चौकटीवर फुली मारायची असते; सगळ्यांवर मारली की मत बाद. मग घरात एकच मत उरत होतं, आजीचं. तिला शाळा फार नव्हती, पण एवढं तिला उकड ढवळताना कळलं.

मतदान शाळेत होतं. आई मला घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसली, कारण तिला आत काम नव्हतं. आजोबा गेले आणि लगेच आले, अंगठ्याची शाई फुंकत. बाबा गेले आणि आले. बाप-लेकांनी एकमेकांना काही विचारलं नाही, दोघंही पावसाबद्दल बोलले. आत्या आली ती हसत आली. आजी मात्र आत गेली ती येईना.

"काय करतायत एवढा वेळ?" आईनं बाबांना विचारलं. "चित्र काढतायत का?"

पुठ्ठ्याच्या आडोशामागं आजी फुली मारायचा मेणाचा खडू हातात घेऊन उभी होती. तिनं आधी नवऱ्याचा विचार केला. मग माझा केला, असं तिनं मला डोळ्याला डोळा देऊन सांगितलं. मग तिनं पिवळ्यांवर फुली मारली, जोरात, कागद फाटेल अशी. देशात निकाल काय लागला, यावर आमच्या चौकात अजूनही भांडणं होतात. मला त्यात पडायचं नाही.

दुपारच्या बसला सगळे पोचवायला आले. आजोबा मागं सामान चढवून घेत होते, दोरी आपण बांधली तरच टिकते असा त्यांचा समज होता. आजीनं बाबांचा दंड धरला.

"मी पिवळ्यांना दिलं."

"बरं केलंत, अमा. अपांना कळलं तर बरं वाटेल."

"त्यांच्यासाठी नाही दिलं. तुझं काम जावं म्हणून दिलं."

बाबा हसले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"जहाजं थांबली की तू येशील," आजी म्हणाली. "खोलीला चुना लावून घेतलाय मी. पाळणा होता तो माळ्यावरून काढलाय. मला तू हवास रे घरात. मला दुसरं काही नकोय. तुझा फोन आला की मी उभी राहते, तुला ठाऊक आहे? बसून बोलवतच नाही मला."

आई शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं.

"सासूबाई, आणि आम्ही खायचं काय?"

"इथं जे आहे ते. इथं अजून कुणी उपाशी मेलेलं नाही."

आईनं तोंड उघडलं. मग मिटलं, मला आजीच्या हातात दिलं आणि पिशव्या घेऊन बसमध्ये चढली. माझ्या आईनं उत्तर गिळल्याची ही एकच नोंद आमच्या घराण्यात आहे.

आई आत जाऊन बसली तेव्हा बाबांनी सांगितलं.

"अमा, जहाजं थांबली तर मी उत्तरेला जाईन."

"उत्तरेला कशाला? घर इथं आहे."

"इथं नाही जमायचं मला. अपा रोज सकाळी ती ज्योत पेटवतात, आणि एक दिवस पेटवणार नाहीत. तेव्हा मी शेजारच्या बाकावर असलो तर मला सोसायचं नाही. त्यासाठीच गेलो होतो मी. पैशासाठी गेलो असं सांगितलं, पण पैसा तेव्हा इथंही थोडाफार होता."

"उत्तरेला गेलेली माणसं येत नाहीत, एवारिस्तो."

"हो."

आजीनं मला छातीशी घट्ट धरलं. मी रडायला लागले म्हणतात. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तेव्हा तिनं शेवटचं जे राखून ठेवलं होतं तेही सांगून टाकलं, कारण आता राखून काही मिळणार नव्हतं.

"तुझ्या अपांनी निळ्यांना दिलं. तुझ्या जहाजांसाठी. मला सांगू नको म्हणाले होते."

बाबा वळले. आजोबा गाठ मारून हात झटकत येत होते. बाबा त्यांच्यापुढं जाऊन मान खाली घालून उभे राहिले, प्रवासाला निघताना आशीर्वाद घ्यायला उभं राहतात तसे. आजोबांनी शाईच्या अंगठ्यानं त्यांच्या कपाळावर क्रूस काढला. पण बाबा हलेनात. त्यांनी कपाळ आजोबांच्या खांद्यावर टेकलं आणि तिथंच ठेवलं.

"अरे चल, जहाज चुकेल," आजोबा म्हणाले आणि त्यांची पाठ थोपटली. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

आजीनं मला खिडकीतून आईच्या हातात दिलं. बस वळणापलीकडं गेली तरी ती हात वर धरून उभी होती. आजोबांनी टोपी घातली.

"पोरगा रडत का होता?"

"मी सांगितलं त्याला, तुम्ही कुणाला दिलंत ते."

"मत गुप्त असतं, बाई." ते थोडे चिडले, पण फार नाही. दोघं घराकडे चालू लागली. चर्चपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तू कुणाला दिलंस?"

"मी त्याला घरी बोलावलं," आजी म्हणाली.

"मग?"

"नाही येत म्हणाला."